पुनरुत्थानाचा सण घरीं कसा पाळावा?

फाल्गुन सरत येतो, शाळूची मळणी होऊन दाणे घरीं पडतात, आणि आमच्या खेड्यापाड्यांतून एकामागून एक सण सुरू होतात. होळीची पोळी झाली कीं पाडव्याची गुढी. ती उतरली कीं चैत्रांतल्या जत्रा. ह्या दिवसांत ख्रिस्ती घरांतील लहान मूल अंगणांत उभें राहून शेजाऱ्यांच्या दारांकडे पाहत असतें. एके दिवशीं तें घरांत येऊन विचारतें, "आई, आपल्या घरीं काय आहे?" आई म्हणते, "आपल्या घरीं ईस्टर आहे." मूल पुन्हा विचारतें, "मग आपण काय करायचें?" ह्या दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळ घरांत उत्तर नाहीं. उपासनामंदिरांत जायचें, उपदेश ऐकायचा, घरीं येऊन गोडधोड किंवा मटण खायचें, इतकेंच. मोठ्यांस तेवढें पुरत असेल. पण पांच वर्षांच्या मुलाच्या हातीं त्यांतलें कांहीं लागत नाहीं.

एका तरुण उपदेशकानें मजपाशीं हीच अडचण काढली. तो म्हणाला, "आमचे वाडवडील रीती सोडून प्रभूकडे आले. आतां मीं माझ्या लेकरांकरितां नव्या रीती बसवाव्या काय? बसवल्या, तर जें जोखड आजोबांनीं फेकून दिलें तेंच मी नातवंडांच्या मानेवर ठेवतों असें होणार नाहीं ना? आणि न बसवल्या, तर माझ्या मुलांनीं सण म्हणून काय पाहावें? दुसऱ्याचेंच काय?" हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. विश्वास हा अंतःकरणाचा आहे. रीत ही हातापायांची आहे. हातापायांनीं केलेल्या गोष्टीचा अंतःकरणाला उपयोग होतो कीं अपाय होतो, हें प्रत्येक आईबापानें ठरविलें पाहिजे.

प्रथम जे नको म्हणतात त्यांचें म्हणणें नीट ऐकूं. तें दुबळें नाहीं. स्कॉटलंडांतील सुधारलेल्या मंडळीनें १५६० सालींच सणवार बंद करण्याचें ठरविलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६५९ सालीं असा कायदा झाला कीं, जो कोणी नाताळ पाळील त्यास पांच शिलिंग दंड व्हावा. हा कायदा १६८१ पर्यंत राहिला. ते लोक अधर्मी नव्हते; फार भाविक होते. त्यांचें म्हणणें असें कीं, प्रभु रविवारीं उठला, म्हणून प्रत्येक रविवार हाच पुनरुत्थानाचा सण. वर्षांतून एकदां वेगळा दिवस कशाला? जे अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले व ज्यांनीं १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें घातलें, ते बहुतांशी ह्याच परंपरेच्या मंडळ्यांतून आले होते. तेव्हां आमच्या कित्येक जुन्या मंडळ्यांत सणांविषयीं जो संकोच दिसतो तो कोठून आला हें उघड आहे. गलतीकरांस लिहितांना पौलालाही भीति वाटली कीं, दिवस, महिने व ऋतु पाळण्याच्या नादांत हे लोक मोकळीक गमावून बसतील.

ह्याशिवाय आमचें स्वतःचें एक कारण आहे, आणि तें परदेशांतून आलेलें नाहीं. आमच्यांतील पुष्कळांच्या पूर्वजांस रीत म्हणजे काय हें फार जवळून ठाऊक होतें. कोणीं कोठें उभें राहावें, कोणाची सावली कोणावर पडूं नये, सणाच्या दिवशीं कोणीं वाजवावें व कोणीं उरलेलें खावें, हें सगळें रीतीनेंच ठरे. सणाकरितां सावकाराचें कर्ज काढावें आणि तें पुढल्या सणापर्यंत फिटूं नये, हीही रीतच. ज्यानें हें सोसलें त्यास रीतीचा उबग आला तर त्यांत नवल काय? म्हणून ज्या वृद्ध गृहस्थास "आम्हांला कांहींएक रीत नको" असें म्हणतांना आपण ऐकतों, त्यास अडाणी समजूं नये. तो आपल्या मोकळिकीला जपत आहे.

आतां दुसरी बाजू पाहूं. ज्या देवानें संदेष्ट्यांच्या मुखें पोकळ सणांचा धिक्कार केला, त्यानेंच आपल्या लोकांस कांहीं खुणा लावून दिल्या. मिसर देश सोडण्याच्या रात्रीं वल्हांडण लावून दिला, तेव्हां पुढें मुलें ह्याचा अर्थ विचारतील आणि त्यांस काय सांगावें, हें निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत तेथल्या तेथें सांगून ठेविलें आहे. यार्देन उतरल्यावर यहोशवानें बारा धोंडे उभे करविले. तेही अशासाठीं कीं, पुढील काळीं लेकरांनीं बापांस विचारावें. आणि प्रभूनें स्वतः, धरला जाण्याच्या रात्रीं, भाकर व द्राक्षारस हातीं घेऊन आपली आठवण ठेवण्यास सांगितलें. त्यास शब्द पुरे वाटले असते तर त्यानें केवळ उपदेश केला असता. पण आपण शरीरानें बनलेले आहों हें तो जाणत होता; आपल्याला चव, वास, स्पर्श ह्यांनीं गोष्ट आठवते हें त्यास ठाऊक होतें.

ह्या दोन्ही बाजू ऐकून मला एक गोष्ट दिसते. यहोशवाच्या धोंड्यांत आणि गांवकुसाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या धोंड्यांत फरक धोंड्याचा नाहीं; प्रश्नाचा आहे. एक धोंडा मुलानें विचारावें म्हणून उभा केला आहे. दुसऱ्याजवळ विचारण्याची सोय नाहीं, विचारलें तर मोठीं माणसें गप्प बसवितात. यावरून रीत पारखण्याच्या तीन कसोट्या मी सांगतों. पहिली: मुलानें "हें कां?" असें विचारलें तर आईबापांस सरळ उत्तर देतां येतें काय? दुसरी: एखादे वर्षीं ती रीत राहून गेली तर मनांत भय उत्पन्न होतें काय? भय झालें तर ती विश्वासाची दासी राहिली नाहीं, घरची मालकीण झाली. तिसरी: त्या रीतीनें घराचें दार शेजाऱ्याला, विधवेला, भुकेल्याला अधिक उघडतें कीं अधिक बंद होतें? ह्या तीन कसोट्यांस जी रीत उतरेल ती नवी असो जुनी असो, तिचें भय बाळगूं नये.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, कसोट्या सांगणें सोपें, पण घरांत काय घडतें तें सांगा. तर त्याच उपदेशकाच्या घरचें सांगतों. त्याच्या पत्नीनें झावळ्यांच्या रविवारीं एका परळांत माती घालून भिजवलेले गहूं पेरले, आणि वर टोपली उपडी घातली. मुलास तिनें सांगितलें, "हे दाणे आपण पुरले. आतां पुढल्या रविवारपर्यंत पाहूं." उपदेशक संध्याकाळीं बाहेरगांवाहून परत आला आणि ती टोपली पाहून त्याचा चेहरा उतरला. "हें घटासारखें दिसतें," तो म्हणाला. "माझी आजी नवरात्रांत असेंच करीत असे. उद्यां शेजारीण येऊन विचारील, तुमच्यांतही घट बसतात काय, तर मी काय सांगूं?" पत्नी म्हणाली, "गव्हाच्या दाण्याची गोष्ट प्रभूनेंच सांगितली ना? दाणा मातीत पडून मेला तरच पीक येतें, हें योहानांत आहे. नवरात्रांत गहूं पेरतात म्हणून गहूं काय त्यांचे झाले?"

दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. त्या रात्रीं त्यांनीं बसून ठरविलें कीं, परळापुढें दिवा लावायचा नाहीं, हळदकुंकू नाहीं, पाया पडणें नाहीं. परळ देव्हाऱ्यासारखें कोपऱ्यांत न ठेवतां चुलीजवळ कांद्याच्या टोपलीशेजारीं ठेवायचें. आणि सण झाल्यावर रोपें शेळीला घालायचीं. शेजारीण खरोखरच आली व तिनें विचारलेंही. तेव्हां त्या बाईनें पोराला हांक मारून म्हटलें, "तूंच सांग." पोरानें आपल्या बोबड्या बोलीनें सांगितलें कीं, दाणा मेला आहे, पण रविवारीं उठणार आहे, येशूसारखा. ईस्टरच्या पहाटे टोपली काढली तेव्हां चार बोटें पिवळे कोंब वर आले होते, कारण अंधारांत कोंबाला हिरवेपणा येत नाहीं. तें परळ उन्हांत ठेवलें, आणि पाहतां पाहतां कोंब हिरवे झाले. उन्हाचा हा धडा त्या मुलाला कोणीं शिकविला नाहीं. त्यानें डोळ्यांनीं पाहिला.

दुसरे वर्षीं बापानें मुद्दाम म्हटलें, "यंदा पेरूं नये. ह्याला भय वाटतें काय तें पाहूं." मुलाला भय वाटलें नाहीं, थोडें वाईट वाटलें, आणि तो खेळायला गेला. बापाचें समाधान झालें. तिसरे वर्षीं गहूं त्यानेंच आणून दिले. मला वाटतें, ह्यानें ती रीत जितकी शुद्ध झाली तितकी नुसत्या वादानें झाली नसती. तथापि ज्या मंडळींत नुकतेच बाप्तिस्मा घेतलेले लोक आहेत, व ज्यांना ह्या साम्यानें अडखळण होईल, तेथें हें न करणेंच बरें. रोमकरांच्या पत्राच्या चौदाव्या अध्यायांत पौल दोन्ही पक्षांस एकच गोष्ट सांगतो कीं, प्रत्येकानें आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि भावाला तुच्छ मानूं नये.

जुन्या भांड्यांत नवें भरण्याची ही गोष्ट आम्हांस अपरिचित नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) ह्यांनीं अभंग व ओवी ह्या आपल्याच भाषेच्या भांड्यांत ख्रिस्ताची भक्ति भरली, आणि आज तीं पदें टाळमृदंगावर गातांना कोणाला संकोच वाटत नाहीं. ईस्टर ह्या नांवाचीच गोष्ट घ्या. इंग्लंडांतील बीड नांवाच्या विद्वान् साधूनें इ. स. ७२५ च्या सुमारास लिहून ठेविलें आहे कीं, हें नांव तेथील एका जुन्या देवीच्या महिन्यावरून पडलें. आज हें नांव उच्चारतांना त्या देवीची आठवण कोणाला होते? नांव राहिलें, देवी गेली.

आतां तरुण आईबापांस हा आठवडा घरीं कसा पाळतां येईल, तें थोडक्यांत सांगतों. सण कधीं येतो हें मुलांस आकाशांत दाखवावें. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेपासून सर्व मंडळ्यांनीं एकाच रविवारीं हा सण पाळावा असा प्रयत्न झाला. आणि आपल्या मंडळ्यांतील हिशेब असा कीं, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार. म्हणून तो २२ मार्चच्या आधीं व २५ एप्रिलच्या नंतर येत नाहीं. होळीचा किंवा चैत्री पौर्णिमेचा चंद्र ज्यानें पाहिला त्यानें बहुधा ईस्टरचाही चंद्र पाहिला. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारासच होत असे. तेव्हां गेथशेमाने बागेंत प्रभूनें प्रार्थना केली त्या रात्रींही असाच मोठा चंद्र असला पाहिजे. हें अंगणांत बाजेवर पडून मुलास सांगावें. ह्याला पैसा लागत नाहीं.

झावळ्यांच्या रविवारीं नारळ नसेल तेथें शिंदीच्या झावळ्या चालतात. गुरुवारीं रात्रीं जेवणापूर्वी बापानें तांब्या व घमेलें घेऊन घरांतील सर्वांचे पाय धुवावे, बायकोचेही. आमच्या देशांत कोणीं कोणाच्या पायांवर पाणी घालावें हें ठरलेलें आहे, आणि तें वरून खालीं कधींच जात नाहीं. एका घरीं हें प्रथम झालें तेव्हां म्हाताऱ्या सासूबाई उठून बाहेर गेल्या. मुलानें सुनेच्या पायाला हात लावावा हें त्यांस पाहवेना. पेत्रानेंही प्रथम नकोच म्हटलें होतें. पण येथें एक सावधगिरी पाहिजे. जो वर्षभर बायकोवर हात उगारतो त्यानें एक रात्र तिचे पाय धुतले तर तें सोंग होईल, आणि मुलें सोंग तात्काळ ओळखतात. ही रीत करणाऱ्यावर साक्ष देते. जो ती करील त्यानें उरलेले तीनशें चौसष्ट दिवसही सांभाळावे.

शुभ शुक्रवारीं उपास करावा, पण "एकादशी अन् दुप्पट खाशी" असा नको. जेवण वांचलें तितकें धान्य मुलाच्या हातानें वेगळें काढावें आणि ज्याच्या घरीं गरज आहे तेथें संध्याकाळीं गुपचूप पोंचतें करावें. मिझोरामांतील मंडळ्यांत स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ प्रभूकरितां बाजूला काढतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालेल्या ह्या लहानशा रीतीनें तेथील मंडळ्यांचें पुष्कळ काम चालत आलें आहे. लहान मुलांस वधस्तंभाची गोष्ट सांगतांना रक्ताचें वर्णन करून भिववूं नये. प्रभूनें शत्रूंकरितां क्षमा मागितली आणि आपल्या आईची सोय लावली, हें सांगावें. आणि यहूदी लोकांविषयीं द्वेष उत्पन्न होईल असें बोलूं नये. प्रभु, त्याची आई, त्याचे सर्व प्रेषित यहूदीच होते. आणि आपल्या कोंकणांत तेलाचे घाणे चालवून शनिवारचा शब्बाथ पाळणारे बेने इस्राएल लोक पिढ्यानपिढ्या आपल्या शेजारीं मराठीच बोलत आले आहेत.

शनिवारीं फारसें कांहीं करूं नये. शिष्यांजवळही त्या दिवशीं करण्याजोगें कांहीं नव्हतें. मुलाला वाट पाहणें शिकवावें. आजकालच्या दिवसांत तें कोणी शिकवीत नाहीं.

रविवारीं पहाटे अंधारांतच उठावें. जर्मनींतील हेर्नहूट गांवीं आसरा घेऊन राहिलेल्या मोराव्हियन मंडळींतील कांहीं तरुण १७३२ सालीं ईस्टरच्या पहाटे गात गात आपल्या कबरस्थानाकडे गेले. त्यांस कोणी आज्ञा केली नव्हती. ती रीत पुढें पुष्कळ देशांत पसरली, आणि आपल्याकडीलही कित्येक मंडळ्या आज पहाटे कबरस्थानांत जमतात. म्हणजे रीत नेहमीं मोठ्या सभेच्या ठरावानेंच सुरू होते असें नाहीं. खेड्यांतील चार तरुणांनीं मनापासून केलेली गोष्टही टिकते. घरीं आल्यावर पुनरुत्थानाची गोष्ट आईनें किंवा मुलीनें सांगावी, कारण ती सर्वांत आधीं सांगण्याचें काम प्रभूनें मग्दालीया मरीयेस दिलें. मग भाकरी मोडून सर्वांनीं एकत्र खावी, आणि ज्याच्या घरीं कोणी नाहीं अशा एखाद्यास बोलावावें. अम्माऊस गांवच्या दोघांनीं प्रभूला ओळखलें तें मंदिरांत नव्हे, जेवणाच्या वेळीं घरांत. म्हणून आपलें सारवलेलें घर ह्या सणाला अपुरें आहे असें कोणीं मानूं नये.

शहरांतील दुकानांत आतां साखरेचीं व चॉकलेटचीं अंडीं आणि सशाचीं चित्रें मिळतात. पूर्वीं उपवासकाळांत अंडीं वर्ज्य असत; म्हणून सणाला तीं रंगवून मुलांस देण्याची चाल युरोपांत पडली. घरच्या कोंबडीचें अंडें रंगवून मुलाला दिलें तर कांहीं बिघडत नाहीं. मात्र त्याकरितां उधारी करणें, किंवा मुलाला सशाची गोष्ट ठाऊक असावी आणि थडग्याची नसावी, हें शोभत नाहीं. नवें लुगडें नसलें तरी प्रभु उठलाच आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करितों. पहिली कसोटी मीं सांगितली कीं, मुलाच्या प्रश्नाला आईबापांस सरळ उत्तर देतां आलें पाहिजे. एके वर्षीं कबरस्थानांत पहाटेच्या उपासनेला एक तरुण बाई आली होती. तिचें तान्हें आदल्या पावसाळ्यांत वारलें होतें. तिचा थोरला मुलगा त्या लहानशा ढिगाऱ्याजवळ उभा राहून म्हणाला, "आई, येशू उठला, मग आपलें बाळ केव्हां उठेल?" आम्ही सगळे स्तब्ध झालों. मी उपदेश करण्यास उभा होतों, आणि मला एक शब्द सुचेना. ती बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "केव्हां तें मला ठाऊक नाहीं, बाळा. कोण उठवील तें ठाऊक आहे." आणि तिनें मुलाच्या हातांत मूठभर फुलें दिलीं व तीं दोघांनीं मातीवर ठेवलीं.

त्या दिवसापासून ती कसोटी मीं थोडी सुधारली आहे. सरळ उत्तर म्हणजे पुरें उत्तर नव्हे. आईबापांस जेवढें ठाऊक आहे तेवढें खरें सांगावें आणि जें ठाऊक नाहीं तें नाहीं म्हणावें. रीतीचें काम इतकेंच कीं, तो प्रश्न विचारला जाईल अशा ठिकाणीं मुलाला हात धरून न्यावें. ती बाई त्या पहाटे घरींच राहिली असती, तर तो प्रश्न त्या मुलाच्या पोटांतच राहिला असता, आणि तें उत्तरही तिच्या ओठांवर आलें नसतें.

म्हणून, तरुण आईबापांनो, भिऊं नका आणि मिरवूंही नका. ह्या वर्षीं एखादी लहानशी गोष्ट घरांत सुरू करा, आणि तुमचें लेकरूं "हें कां?" असें विचारील तेव्हां हातांतलें काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा.